आरशावरची चिमणी

मोठा माणूस सलूनच्या खुर्चीत बसला की मान कारागिराच्या स्वाधीन करतो आणि डोळे मिटून घेतो. लहान मुलाचं तसं नसतं. त्याला मान द्यायची नसते, डोळे मिटायचे नसतात, आणि कात्रीचा आवाज तर मुळीच ऐकायचा नसतो. त्यामुळे बापाच्या कडेवर मूल येताना दिसलं की बहुतेक सलूनवाल्यांना अचानक जेवायची वेळ झाल्याचं आठवतं.

भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीतला सलूनवाला त्याला अपवाद होता. त्याचं दुकान दोनच खुर्च्यांचं, पण लोक लांबलांबून मुलं घेऊन त्याच्याकडे यायचे. खुर्चीच्या हातांवर तो एक फळी आडवी टाकायचा, मुलाला त्या फळीवर बसवायचा आणि गळ्याभोवती कापड बांधायचा. कापड बांधलं की मुलाचा खालचा ओठ थरथरायला लागतो. ओठ थरथरणं आणि भोकाड पसरणं यांच्यामध्ये अगदी थोडा वेळ असतो, आणि सगळी कारागिरी त्या थोड्या वेळात करायची असते. तेवढ्यात तो उजव्या पायाने एक पट्टी दाबायचा. जुन्या शिलाई मशीनची ती पट्टी त्याने खुर्चीजवळ बसवली होती. पट्टीला तार होती, तार आरशामागून वर गेली होती आणि आरशाच्या चौकटीवर पत्र्याची एक चिमणी होती. पट्टी दाबली की चिमणी शेपूट खाली करायची आणि मान तिरकी करून मुलाकडे बघायची.

"ते बघ, चिमणी!"

मूल वर बघायचं, तोंड उघडं राहायचं, हनुवटी आपोआप उचलली जायची आणि पुढचे केस कापून व्हायचे. मानेवरचे केस कापायचे असले की "खाली मांजर आहे बघ". पायाशी खरोखरच चिंध्यांचं एक मांजर होतं. डाव्या भिंतीवर आगगाडीचं चित्र, उजव्या भिंतीवर हत्तीचं. "मुलाची मान हाताने वळवायची नाही, डोळ्यांनी वळवायची," असं तो म्हणायचा. हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडायचं, म्हणून तो ते जरा जास्तच वेळा म्हणायचा.

त्याला एक मुलगी होती. तिसरं वर्ष पुरं व्हायचं होतं तिचं. घरात सगळे तिला ठकी म्हणत. जे हुन्नर दुकानात चालतं ते घरात का चालू नये, असा त्याचा सरळ हिशोब होता. ठकी पडली, "ते बघ, चिमणी." आई कामाला निघाली, "ते बघ, चिमणी." गुडघा फुटला, फुगा फुटला, दूध सांडलं, प्रत्येक वेळी खिडकीबाहेर, कपाटावर किंवा छताला एक चिमणी असायची. ठकी बघायची आणि ओठ जागच्या जागी थांबायचा. कौतुकाने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. "आमची ठकी रडत नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. रडणारी मुलं रोज पाहणाऱ्या माणसाने हे सांगितलं की त्याला वजन यायचं.

त्याच्या बायकोला हे पटत नव्हतं. ती एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची. आठ तास लोकांचा राग कानात घ्यायचा आणि सायंकाळी तो कान घेऊन घरी यायचं, असं तिचं काम. ठकीशी बोलायची तिची तऱ्हा वेगळी होती. एकदा पायात चप्पल जात नव्हती म्हणून ठकी कुरकुरत होती, तेव्हा ती तिच्यासमोर उकिडवी बसली.

"ठकी, राग आला का गं तुला? चपलेचा राग आला ना? सांग बरं आईला."

इतका वेळ नुसती कुरकुरणारी ठकी एकदम गळा काढून रडायला लागली.

"झालं समाधान?" तो आतून म्हणाला. "पोरगी विसरत आली होती. तू आठवण करून दिलीस."

"विसरत नव्हती. तुम्ही विसरायला लावता."

"मग बिघडलं काय?"

"अहो, माझं अख्खं आयुष्य त्यात चाललंय. लोक काय यंत्र बिघडलं म्हणून फोन करतात? आधी चार जणांनी ऐकून घेतलं नाही म्हणून करतात."

"आणि तू काय सांगतेस त्यांना?"

"तुमची अडचण मी समजू शकते."

"समजतेस?"

तिला हसू आलं. "निम्म्या वेळा."

"मग माझी चिमणी बरी. ती खोटं तरी बोलत नाही."

"चिमणीच खोटी आहे हो," ती म्हणाली आणि चप्पल ठकीच्या पायात घातली.

वाद तिथेच थांबला. त्यांचे बहुतेक वाद असेच, चप्पल पायात गेली की थांबायचे.

दिवसा ठकीला वरच्या मजल्यावर राहणारी आत्या सांभाळायची. आत्या म्हणजे सलूनवाल्याची थोरली बहीण. तिच्या लेखी तो अजून बाळ्याच होता. तिची दोन्ही मुलं लहानपणी रडकी निघाली होती, त्यामुळे ठकीवर तिचा भारी जीव.

"बाळ्या, गुणाची आहे रे पोर," ती एका सायंकाळी म्हणाली. "पण तुझ्या चिमणीचं वेडच लागलंय तिला. खेळताखेळता मध्येच थांबते, वर बघते, म्हणते चिमणी. जेवताना चिमणी, निजताना चिमणी. मी म्हटलं कुठे गं, तर छताकडे बोट."

"कलाकार आहे," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात, रविवारी, त्याने ठकीचे केस कापले. घरच्या माणसाचे केस गर्दी सरल्यावर कापायचे, हा त्याचा नियम. फळीवर ती ताठ बसली. कानाजवळचे केस कापताना कानाची पाळी अंगठ्याने पुढे दुमडावी लागते, तशी त्याने डावी पाळी दुमडली. ठकीचं सगळं अंग कापडाच्या आत आखडलं. त्याचा पाय पट्टीकडे गेला, पण तो पोचायच्या आधीच ठकी म्हणाली, "ते बघ, चिमणी," आणि मान वर करून आरशाच्या चौकटीकडे बघत राहिली. चिमणी हललीच नव्हती.

ही गोष्ट त्याने पुढचे तीन-चार दिवस दुकानात सांगितली. "माझ्या लेकीला पट्टी लागत नाही, नुसती आठवण पुरते." गिऱ्हाइकं हसायची. एकाने विचारलं, "आमच्या हिला शिकवता का?" त्यावर सगळेच हसले.

मग ठकीला ताप आला. ताप मुलांना येतोच म्हणून एक रात्र वाट पाहिली. सकाळीही उतरला नाही, तेव्हा दोघं तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाई चष्मा नाकावर ओढून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी घसा पाहिला, छाती पाहिली आणि मग कान पाहायला डावी पाळी अंगठ्याने दुमडली. अगदी तशीच, तो दुमडतो तशी.

ठकीचे डोळे काठोकाठ भरले. तिने एक बोट छताकडे केलं.

"ते बघ, चिमणी," ती डॉक्टरबाईंना म्हणाली.

डॉक्टरबाईंनी खरंच वर पाहिलं. "कुठे?" त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी पुन्हा ठकीकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं, पण चेहरा जागचा हलला नव्हता.

"कानात पू साठलाय," त्या म्हणाल्या. "पडदा चांगलाच फुगलाय. हे काही कालचं दुखणं नाही. एवढ्याने तर मुलं घर डोक्यावर घेतात. ही रडली नाही?"

"आमची ठकी रडत नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याने शंभरदा म्हटलं होतं. त्या खोलीत ते निराळं ऐकू आलं.

डॉक्टरबाईंनी औषध लिहिलं. "दोन-तीन दिवसांत दुखायचं थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर हे औषध उपयोगाचं नाही, दुसरं द्यावं लागेल, आणि त्यात उशीर नको. पडदा फुटेल, दुखणं कानामागच्या हाडात उतरेल, मग ऐकण्यावर बेतायचं. तापावर जाऊ नका, ताप उतरल्यासारखा वाटेल. दुखतंय की नाही ते हिलाच विचारा."

दोघांनी माना डोलावल्या. जिना उतरताना बायकोने विचारलं, "दुखतंय हा शब्द येतो का हो तिला?"

तो आठवायला लागला. मांजर, हत्ती, आगगाडी, फुगा, कंगवा हे शब्द तिला येत होते. कात्री म्हणताना 'त्र' जड जायचा, पण यायचा. दुखतंय हा शब्द त्यांच्या घरात कोणी म्हटल्याचं त्याला आठवेना. त्याचं स्वतःचं काही दुखलं तर तो "काही नाही" म्हणायचा.

"रविवारी मी दुमडला होता तो कान," तो म्हणाला.

"मग?"

"चिमणी म्हणाली. स्वतःहून."

बायकोने ठकीला त्याच्याकडून आपल्याकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ठकी खेळायला लागली, थोडं जेवली. आता प्रश्न एकच उरला होता आणि त्याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं.

"ठकी, कान दुखतो का गं?"

"ते बघ, चिमणी."

याला हो समजायचं की नाही? खिडकीच्या गजावर खरीच चिमणी येऊन बसायची तेव्हाही ठकी हेच म्हणायची. बायकोने दर थोड्या वेळाने विचारलं. विचारताविचारता तिचा आवाज फोनवरचा झाला.

"त्रास होतोय का तुला? कमी होतोय, मध्यम होतोय, की जास्त होतोय?"

"तिला मध्यम काय कळणार?" तो म्हणाला. "तिला काय तक्रार क्रमांक देणार आहेस का?"

"मग तुम्ही सांगा ना. तुमच्या हाताखालून रोज इतके कान जातात."

हे तिने मुद्दाम म्हटलं नसावं, पण लागायचं तिथे लागलं. कानाला खडा लावावा असं लोक म्हणतात, पण तो कोणाच्या कानाला, ते कोणी सांगत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे आरशावरच्या चिमणीवर एक रुमाल टाकला. तशाने ठकीला काय उपयोग होणार होता, हे त्याला सांगता आलं नसतं. पण त्याने टाकला. दुपारच्या सुमारास एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन आले. नातू नेहमीचा होता. फळीवर बसल्याबसल्या त्याने वर पाहिलं, तर चौकटीवर नुसता रुमाल.

"का हो," आजोबा म्हणाले, "चिमणी संपावर गेली का?"

"आज तिला सुट्टी."

"मग आज आमच्याच कानांना त्रास."

आणि तसंच झालं. नातवाने जो सूर लावला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मान या खांद्यावरून त्या खांद्यावर. सलूनवाला "थोडं राहिलं, थोडंच राहिलं" म्हणत राहिला. ते मुलाला म्हणत होता की स्वतःला, कोण जाणे. एका झटक्याला कात्री कानाच्या पाळीवर आली. त्याने डाव्या हाताचं बोट मध्ये घातलं. कान वाचला आणि बोट चांगलंच कापलं. आजोबा घाबरे झाले. "काही नाही, काही नाही," तो म्हणाला, बोटावर कापूस दाबून त्याने उरलेले केस कसेबसे कापले, आणि ते गेल्यावर दुकान अर्धं ओढून घेऊन घरी आला.

आत्याच्या खोलीत ठकी जमिनीवर वाट्या आणि झाकणं मांडून बसली होती. मान डावीकडे किंचित कललेली.

"बोटाला काय करून घेतलंस?" आत्याने विचारलं.

"काही ना—" तो म्हणाला आणि खाली बसला. बोट ठणकत होतं. कापूस लाल झाला होता.

ठकीने हातातली वाटी ठेवली. तिने कापसाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्याच्या तोंडाकडे ती बारकाईने, डोळ्यांत तेल घालून बघत होती. तो दुकानात मुलांच्या ओठाकडे बघायचा, तसंच ते बघणं होतं. मग तिने कपाटाकडे बोट केलं.

"बाबा, ते बघ, चिमणी."

त्याने पाहिलं. कपाटावर एक जुनी सुटकेस होती.

इतकी वर्षं तो चिमणी दाखवत आला होता, पण त्याला चिमणी कोणी दाखवली नव्हती. पलीकडच्या बाजूला तो आज पहिल्यांदाच बसला होता. बोट तेवढंच ठणकत होतं, तसूभरही कमी झालं नव्हतं. फरक पडला होता तो एवढाच, की समोरच्याने इतक्या प्रेमाने चिमणी दाखवल्यावर आता बोट दुखतंय म्हणणं बरं दिसलं नसतं. त्याला ते म्हणायचा संकोच वाटायला लागला होता. दोन मिनिटांत, चाळिशीला आलेल्या माणसाला.

"दुखतंय," तो म्हणाला.

ठकीने पुन्हा कपाटाकडे बोट केलं, जरा जोरात.

"हो. चिमणी आहे. पण बाबाचं बोट दुखतंय. खूप दुखतंय."

आत्या दारात उभी राहून बघत होती. थोरल्या बहिणीपुढे असलं काही बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो तिच्याकडे बघतच नव्हता.

ठकीने बोट खाली घेतलं. ती कापसाकडे बघत राहिली. मग तिने आपली बोटं पाहिली, एकेक करून. त्यांत काही सापडलं नाही. मग तिचा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या कानावर जाऊन बसला.

"दुखतंय," ती म्हणाली. नवीन पदार्थ जिभेवर ठेवून बघावा तसं म्हणाली. आणि मग, "ठकीचं दुखतंय."

तिचा खालचा ओठ थरथरला. सलूनवाल्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तिथे पट्टी नव्हती, नुसती फरशी होती. तो पाय तसाच दाबून बसून राहिला, आणि ठकी रडायला लागली.

ठकीचं तसं रडणं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. मागे राहिलेलं सगळंच त्यात आलं असावं. आत्या धावत पुढे आली. "बाळ्या, रडवलीस ना पोरीला! ठकी, ते बघ, ते बघ कोण आलं—"

"ताई, राहू दे."

"राहू दे काय? एवढी रडतेय."

"कान दुखतोय तिचा. रडणारच."

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. पण ती थांबली. तिनेच मग ठकीचे बूट शोधून आणले.

डॉक्टरांकडे जायला फार वेळ लागत नसे, पण कडेवर रडणारं मूल असलं की रस्ता वाढतो. फळवाल्याने केळं दाखवलं. चौकातल्या शिपायाने शिटी वाजवून दाखवली. एक अनोळखी बाई ओरडली, "अगं, तो बघ कुत्रा!" आणि कुत्रा खरंच होता. सगळी भली माणसं. तो प्रत्येकाला "कान दुखतोय" एवढंच सांगत चालला होता. वाटेत त्याने बायकोला फोन लावला. कामाच्या वेळी तो कधी फोन करत नसे.

"ही कोण रडतेय?" तिने विचारलं.

"ठकी. कान दुखतोय म्हणाली. तिने सांगितलं."

तिच्या मागून तक्रारी ऐकणाऱ्या इतरांचे आवाज येत होते.

"थांबा जरा," ती म्हणाली. "फोन तिच्याजवळ धरा."

त्याने धरला. समजू शकते वगैरे काही ती म्हणाली नाही. नुसती ऐकत राहिली.

डॉक्टरबाईंनी कान पाहिला, चष्मा नाकावर ओढला आणि औषध बदललं. "बरं केलंत लगेच आलात," त्या म्हणाल्या. "चिमणी नाही आली आज?" ठकीला रडण्यातून तेवढी सवड नव्हती. पुढच्या काही दिवसांत ती बरीच रडली, आणि एका दुपारी कान दुखायचा राहिला. पडदा फुटला नाही. काही आठवड्यांनी तपासणी झाली, तेव्हा दोन्ही कानांनी ती सारखंच ऐकत होती.

दुकानातल्या चिमणीवरचा रुमाल त्याने दुसऱ्याच दिवशी काढला होता. पोट आहे, आणि दहा बोटंच आहेत. फक्त पाळी दुमडण्याआधी तो आता मुलांना सांगायला लागला, "इथे जरा ओढल्यासारखं होईल हं." सांगितल्यावर काही मुलं रडायची, काही नाही. एका आईने तर तोंडावर विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी मुलं रडत नसत ना?" तो म्हणाला, "नसत," आणि कापडावरचे केस झटकले.

केस वाढल्यावर ठकी पुन्हा फळीवर बसली. गर्दी सरली होती. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, उजवी बाजू कापली आणि डाव्या कानाशी येऊन थांबला.

"आता पाळी दुमडतोय हं."

त्याने अंगठ्याने पाळी दुमडली. ठकीने आत काय होतंय ते जरा वेळ लक्ष देऊन पाहिलं.

"दुखत नाही," ती म्हणाली. मग आरशात त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाबा, चिमणी हलव ना."

त्याने पट्टी दाबली.